घर तिचं, पैसे कुणाला?

पूर्व आफ्रिकेच्या सहलींच्या जाहिराती आता मराठी वर्तमानपत्रांत नेमानं दिसतात. 'फक्त महिलांसाठी' अशाही सहली असतात. जुलै ते ऑक्टोबरचा हंगाम, केनियातलं मसाई मारा, नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे कळप, आणि यादीत शेवटी कुठेतरी मसाई गावाला भेट, त्यांच्या संस्कृतीचा आदरपूर्वक अनुभव. सिंह, हत्ती, चित्ता आणि मसाई. माणसं प्राण्यांच्या यादीत बसवली की 'आदरपूर्वक' हा शब्द चिकटवावा लागतो. लंडन-पॅरिसच्या जाहिरातीत तो कुणी लिहीत नाही.

माझं भांडण सहलीशी नाही. आयुष्यभर घर आणि नोकरी ओढून एखादी बाई पन्नाशीत स्वतःच्या पैशानं परदेशी निघाली, तर मला आनंदच आहे. भांडण आहे ते त्या शब्दाशी. आपल्या संघटनांतल्या मैत्रिणीही जातात, आणि आदर म्हणजे काय तर विचारून फोटो काढणं, अंगभर कपडे घालणं, भेटल्यावर त्यांच्या भाषेत 'सोपा' म्हणणं. हे करावंच. पण याला शिष्टाचार म्हणतात. आदराचा प्रश्न याच्या पुढे सुरू होतो, आणि तिथे पैसा येतो, जमीन येते.

गावभेटीत काय होतं? कुंपणाशी तरुण पुरुष उंच उड्यांचा नाच करतात. मूळचा हा नाच समारंभातला. इथे गाडी येईल तसा होतो. मग गटाला एका घरात नेतात. वाकून आत शिरायचं. अंधार, चुलीचा धूर. इंग्रजीतून माहिती सांगणारा बहुतेक वेळा पुरुषच. हे घर बांधलं कुणी? बाईनं. काठ्या तिनं आणल्या, तिनं विणल्या, शेण-माती तिनं लिंपली, पावसात गळलं की पुन्हा तीच लिंपणार. मसाई रीतीत घर बायकोचं. एकाहून जास्त बायका असल्या तर प्रत्येकीचं वेगळं. गुरं पुरुषाची, पण दूध काढणं आणि ते कुणाला किती द्यायचं हे बाईच्या हातात. अशा तिच्या घरात शिरायचे पैसे मात्र ती घेत नाही. ते आधीच पुरुषांच्या हातात पडलेले असतात. मारा भागात तर गावभेटीच्या शुल्काचा मोठा वाटा गाडी चालवणारे मार्गदर्शकच खिशात घालतात, हे तिथल्या गावकऱ्यांचं जुनं गाऱ्हाणं आहे. बाईला काय? मागच्या बाजूला मांडलेल्या मण्यांच्या माळा विकल्या गेल्या तर ते. आणि तिथे आपण भाजीवालीशी घालतो तशी घासाघीस घालतो.

वर एक विनोदही ठरलेला. तुमच्या मुलीसाठी किती गाई देऊ? सगळी गाडी हसते. हुंडाबंदीसाठी मोर्चे काढलेल्या बायकाही हसतात, कारण हा विनोद 'त्यांच्या' संस्कृतीतला!

केनियातल्या रानाजवळच्या बऱ्याच मसाई जमिनी आता भाडेपट्ट्यानं घेऊन त्यावर राखीव क्षेत्रं चालवली जातात. भाडं जमीनमालकांना मिळतं. आधी सामाईक असलेल्या या जमिनींच्या वाटण्या झाल्या तेव्हा नावं लागली ती बहुतेक पुरुषांची. सातबाऱ्यावर बाईचं नाव यावं म्हणून आपण इथे किती वर्षं घसा कोरडा केला! तिथलं दुखणं वेगळं नाही.

पुष्कळ सहली मारापाशी थांबत नाहीत, सीमा ओलांडून टांझानियात सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरोला जातात. त्या 'निर्मनुष्य' रानाचा इतिहास जाहिरातीत नसतो. 1959 साली ब्रिटिश सरकारनं मसाईंना सेरेंगेटीतून काढलं आणि शेजारच्या न्गोरोंगोरोत राहू देण्याचं वचन दिलं. आता तिथूनही काढताहेत. 82,000 हून अधिक लोकांना सुमारे 600 किलोमीटरवरच्या म्सोमेरा गावी हलवण्याची सरकारची योजना 2022 पासून सुरू झाली. म्सोमेरात आधीच लोक राहत होते, ते वेगळंच. शेजारच्या लोलिओंडोत जून 2022 मध्ये 1,500 चौरस किलोमीटर चराऊ जमिनीभोवती खुणेचे खांब रोवताना गोळीबार झाला. मसाई माणसं जखमी झाली, एक पोलीसही मेला, कित्येक कुटुंबं केनियात पळाली. ऑगस्ट 2024 मध्ये हजारो मसाई न्गोरोंगोरोच्या रस्त्यावर उतरले तेव्हा प्रवाशांच्या गाड्या अडल्या. आपल्या बातम्यांत ते किती आलं?

म्सोमेरात सरकार देतं ते तीन खोल्यांचं एक घर, एका कुटुंबाला. आमच्या समाजकार्याच्या क्षेत्रात 'लाभार्थी कुटुंब' म्हटलं की कुटुंबप्रमुख पुरुष आपोआप गृहीत धरला जातो. तोच हा हिशेब. ज्या तिघी-चौघींची आपापली घरं होती, आपापल्या हातानं बांधलेली, त्यांना आता नवऱ्याच्या एका घरात खोली मिळेल न मिळेल. गुरं कमी झाली की दूध गेलं, म्हणजे तिच्या हातात होतं तेही गेलं. न्गोरोंगोरोत दवाखान्यांच्या सेवा आटवल्याचं ह्यूमन राइट्स वॉचनं 2024 च्या अहवालात नोंदवलं आहे. त्याची पहिली झळ कुणाला, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको.

आता आपल्यातल्याच काहीजणींच्या एका युक्तिवादाबद्दल. मसाई मुलींच्या योनिछेदाचा विषय निघाला की एक बाजू म्हणते, 'ती त्यांची संस्कृती, आपण कोण बोलणार?' दुसरी 'बिचाऱ्या' म्हणून हळहळते. दोघींना मसाई बायकांनी काय केलं हे ठाऊक नसतं. अॅग्नेस पारेयो ही मसाई बाई स्त्रीशरीराचा लाकडी नमुना घेऊन गावोगाव पायी फिरली, 2002 साली नारोकला मुलींसाठी आश्रयघर उभारलं, आणि 2022 मध्ये खासदार म्हणून निवडून आली. केनियात 2011 पासून या प्रथेविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, आणि तो घटनाबाह्य ठरवण्याची मागणी तिथल्या उच्च न्यायालयानं 2021 मध्ये फेटाळली. टांझानियात लोलिओंडोच्या मांडा न्गोइतिको आणि त्यांच्या पशुपालक स्त्रियांच्या परिषदेनं 1997 पासून मुलींचं शिक्षण आणि बायकांचा जमिनीवरचा हक्क लावून धरला आहे. संस्कृती म्हणजे फक्त लाल शाल पांघरून उड्या मारणारा पुरुष, असं कुणी ठरवलं? या बायकाही मसाई संस्कृतीच आहेत. सहलीच्या कार्यक्रमात त्या नसतात.

मग जाऊच नये का? मी असं म्हणणार नाही. बहिष्कारानं मणी विकणाऱ्या बाईची चूल पेटत नाही. केनियात मसाईंच्याच भाषाभगिनी असलेल्या सांबुरू बायकांचं उमोजा गाव पाहा. रेबेका लोलोसोली आणि सोबतच्या बायकांनी 1990 साली ते वसवलं. ब्रिटिश सैनिकांच्या बलात्कारानंतर नवऱ्यांनी घराबाहेर काढलेल्या बायका त्यांत होत्या. पुरुषांना तिथे वस्ती नाही. प्रवेशाचे पैसे, मण्यांचे पैसे, तंबूंच्या मुक्कामाचे पैसे बायकांच्या हातात येतात. आसपासच्या पुरुषांनी प्रवाशांना वाटेतच अडवून आपल्याकडे वळवायचा उद्योग केला, यावरूनच त्या पैशाचं मोल कळावं.

तेव्हा सहल ठरवणाऱ्या मैत्रिणींनो, कंपनीला लेखी विचारा. गावभेटीचे किती पैसे गावाला जातात, आणि ते कुणाच्या हातात दिले जातात? गावात बायकांचा स्वतःचा गट आहे का, त्यांच्याकडून थेट माळा घेता येतील का? घर दाखवायचं तर ते जिचं आहे तीच बोलेल, आणि दुभाषी बाई मिळेल का? मुक्काम जिथे आहे ती जमीन कुणाची होती? माराच्या राखीव रानात हंगामात परदेशी माणसाला जुलै 2024 पासून दिवसाला 200 डॉलर मोजावे लागतात. ते बिनतक्रार भरणाऱ्यांनी माळेचे दोन डॉलर कमी करून मागू नयेत. एकटीनं विचारलं तर 'मॅडम, तिथं सगळं व्यवस्थित असतं' एवढं ऐकवून फोन ठेवतील. पंधरा जणींच्या सह्यांचं पत्र गेलं तर उत्तर द्यावं लागेल. मात्र हे पत्र आगाऊ रक्कम भरण्याआधी जायला हवं. नंतर कुणी दाद देत नाही.