गोळीच्या खाड्याचा हिशेब कुणाकडे?

ऊसतोड मजूर बाईने एक दिवस खाडा केला की मुकादम दंड लावतो, उचलीतून कापून घेतो. तो हिशेब चोख! पण टेंभुर्णीच्या शिवारात रात्री-बेरात्री ट्रॉली भरता भरता तिची माला-एनची गर्भनिरोधक गोळी राहिली, तर पुढे काय करायचे, हे कुणाच्या वहीत आहे? आशाताई एका रुपयात पाकीट दारात देते, सरकार पाकिटांची बेरीज दिल्लीपर्यंत पोचवते, आणि दिवस गेले की सारे मिळून त्या बाईलाच हलगर्जी ठरवतात. हा शुद्ध निर्लज्जपणा आहे!

ज्यांनी सांगायचे त्यांच्या तोंडाला कुलूप, म्हणून आम्हीच छापतो. एक गोळी चुकली तर आठवताक्षणी घ्यावी, पुढची ठरल्या वेळी. एका दिवशी दोन झाल्या तरी बिघडत नाही. ओळीने दोन किंवा जास्त चुकल्या तर शेवटची चुकलेली लगेच घ्यावी, आधीच्या सोडून द्याव्यात, रोजची चालू ठेवावी आणि सात दिवस निरोध वापरावा. हे तिसऱ्या आठवड्यात झाले तर पांढऱ्या गोळ्या संपताच लोहाच्या सात न घेता नवे पाकीट सुरू करावे. पहिल्या आठवड्यात झाले आणि मागच्या पाच दिवसांत संबंध आला असेल, तर तातडीची गोळी घ्यावी, शक्यतो संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. तिला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. मेडिकलवाल्याने भुवया उंचावण्याचेही कारण नाही. लोहाची गोळी चुकली तर काहीच बिघडत नाही. आठवड्याच्या ‘छाया’ गोळीचे नियम वेगळे, ते आशाताईला विचारावेत.

एवढेच! यात कुठले राजकारण, कुठला धर्म बुडतो?

आणि ते सात दिवस निरोध वापरायचा कुणी? एरवी चावडीवर मिशीला पीळ देणाऱ्यांची मर्दुमकी तेव्हा कुठे शेण खाते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित बायकांची नसबंदी झालेली. पुरुष नसबंदीवर भिस्त असलेली जोडपी शंभरात एकसुद्धा नाहीत. पोट तिचे, ऑपरेशन तिचे, गोळी तिची, आणि चुकली तर शिवीही तिलाच! बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांवरून २०१९ साली विधिमंडळात गदारोळ झाला, समिती बसली. पाळीचा खाडा नको म्हणून पिशवीच काढून टाकण्यापर्यंत बाईला ढकलणारी व्यवस्था तिला गोळीचा नियम सांगायला लाजते, यावर कोण विश्वास ठेवील?

रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि त्यापायी विल्सन कॉलेजची प्राध्यापकी गमावली. १९३८ साली डॉ. आंबेडकरांच्या पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. सभागृहाने तो फेटाळला. तेव्हाचे विरोधक निदान उघड बोलत तरी होते. आजचे पुढारी व्यासपीठावर आधुनिक आणि घरात मुके.

येत्या हंगामात बॉयलर पेटवायला फेटे बांधून येणाऱ्या चेअरमन-आमदारांनी त्याच मंडपात, टोळ्यांसमोर, वरचे नियम मोठ्याने वाचून दाखवावेत. जीभ अडखळत असेल तर माइक आशाताईच्या हाती द्यावा, आणि मुकादमांना पहिल्या रांगेत बसवावे.