तीमारदाराला नुसता सब्र सांगू नका

आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला उर्दूत ‘तीमारदार’ म्हणतात. नांदेड-लातूरच्या दवाखान्यांत डायलिसिसच्या खोलीबाहेर हे लोक रोज दिसतात. मांडीवर फाईल, हातात तसबीह, आत नवरा किंवा बायको. डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी साधारण चार तास. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे अनेकांचा उपचाराचा खर्च निघतो. पण बुडालेली मजुरी आणि शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवलेली लेकरं त्या हिशेबात येत नाहीत.

अशा घरी आपण जातो, चहा पितो आणि सांगतो, ‘भाभी, सब्र करा.’ वर हजरत अय्यूब (अलै.) यांचा दाखला देतो. पण कुरआनात, सूरह सादमध्ये, अय्यूब (अलै.) आधी आपलं दुखणं अल्लाहपुढे मांडतात आणि त्यानंतर अल्लाह त्यांना साबिर म्हणतो. म्हणजे रडणं, ‘थकले मी’ म्हणणं, हे सब्राविरुद्ध नाही. ज्या बाईला ईमानाच्या नावाखाली गप्प बसवलं जातं, तिचा आधारच आपण काढून घेतो.

दुसरी गोष्ट पुरुषांची. बायको अंथरुणाला खिळली की तिला माहेरी पोचवणारे नवरे आपल्यात आहेत. त्यांनी हजरत उस्मान (रजि.) आठवावेत. हिजरी 2 मध्ये, म्हणजे इ. स. 624 मध्ये, बद्रची लढाई झाली, तेव्हा त्यांच्या पत्नी हजरत रुकय्या (रजि.) आजारी होत्या. पैगंबरांनी (सल्ल.) त्यांना पत्नीजवळ थांबायला सांगितलं, आणि लढणाऱ्यांइतकाच सवाब व हिस्सा दिला. रुकय्या (रजि.) त्या आजारातून उठल्या नाहीत; पण उस्मान (रजि.) यांची सेवा वाया गेली नाही. शिफा देणं अल्लाहच्या हाती, खिदमत आपल्या हाती. वर्षानुवर्षं उशाशी बसणाऱ्यांना हाच विचार उभं ठेवतो.

मात्र त्यांचा ईमान मजबूत आहे म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. प्रत्येक मोहल्ल्यात चार माणसांनी ठरवावं: डायलिसिसच्या दिवशी तीमारदाराऐवजी एकानं तिथं बसावं, एका घरानं डबा द्यावा, कुणी मुलांचा अभ्यास घ्यावा. जकात काढताना, हकदार असेल तर, या घराचं नाव आधी आठवावं. जुमाच्या बयानात सब्राबरोबर याचीही यादी वाचली जावी.

‘दुआ करतो’ जरूर म्हणा. पण त्याच दमात ‘मंगळवारी मी बसतो, तुम्ही घरी जाऊन झोपा’ हेही म्हणा.