शत्रूच्या दप्तरातली आपली माणसं

जव्हार संस्थानाचा, सूर्यमाळच्या पठाराचा आणि मोखाड्याच्या डोंगरात राहणाऱ्या कोळी, वारली, कातकरी समाजांचा इतिहास लिहायचा विषय निघाला की दोन मतं हमखास पुढे येतात. एक पक्ष म्हणतो, फारसी तवारिखा बादशहांच्या पगारी लेखकांनी लिहिल्या, त्या खोट्या आणि द्वेषाने भरलेल्या आहेत, त्यांना हातही लावू नका. दुसरा पक्ष म्हणतो, कागद असेल तरच इतिहास. रानातल्या लोकांकडे कागद नाही, तेव्हा त्यांच्याकडे दंतकथा असतील, इतिहास नाही. हे दोन्ही पक्ष एकमेकांना पाण्यात पाहतात. पण दोघांचं ऐकलं तर निकाल एकच लागतो: सह्याद्रीतला आदिवासी इतिहासातून बाद. म्हणून दोघांचाही समाचार घेणं भाग आहे.

पहिल्या पक्षाच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. ‘आलमगीरनामा’ मुहम्मद काझिमने लिहिला तो औरंगजेबाच्या पहिल्या दहा वर्षांचा. पुढे बादशहानेच सरकारी तवारीख बंद करवली. म्हणजे काय नोंदायचं आणि काय नाही, हे धन्याच्या मर्जीवर होतं. मोगलांचा इतिहासकार खाफी खान शिवरायांविषयी जी भाषा वापरतो ती वाचून मराठी माणसाचं रक्त तापतं. पण हाच खाफी खान लिहून ठेवतो की मोहिमेत मशिदीला, कुराणाला आणि स्त्रियांना धक्का लावायचा नाही, असा शिवाजीचा सक्त नियम होता. आपल्या बखरकाराने हेच लिहिलं असतं तर स्तुती म्हणून कुणीही उडवून लावलं असतं. शत्रूच्या तोंडून आलं, म्हणून ते पुरावा ठरलं.

आता आपल्या डोंगरातल्या माणसांचं उदाहरण घेऊ. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाने कोंढाण्याला, म्हणजे आजच्या सिंहगडाला, वेढा घातला. गड कोळ्यांचा नायक नागनायक याच्या ताब्यात होता. दिल्लीच्या सुलतानाची फौज आठ महिने गडाखाली अडकून पडली. गडावरचं धान्य संपलं तेव्हा कुठे नागनायकाने गड सोडला. ही हकीकत आपल्याला सांगितली कुणी? दौलताबादेत बसून १३५० मध्ये ‘फुतूह-उस-सलातीन’ हे फारसी काव्य पूर्ण करणाऱ्या इसामीने, आणि त्यानंतर अडीचशे वर्षांनी विजापूरच्या दरबारात लिहिणाऱ्या फरिश्त्याने. तुघलकाने दिल्लीकरांना जबरदस्तीने दौलताबादेला हलवलं, तेव्हा इसामीचे नव्वदीतले आजोबा पहिल्याच मुक्कामावर वारले. त्याचा तुघलकावरचा राग त्याच्या ओळीओळीत आहे. तो राग हिशेबात धरून वाचायचं, एवढंच. पण या तवारिखा जाळून टाका म्हणणाऱ्यांना एकच विचारतो: त्यांच्याबरोबर नागनायकही जळेल, त्याची भरपाई कुठून करणार?

कुणी म्हणेल, शिवरायांनीच राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्द कारभारातून काढायला घेतले, मग आम्ही फारसीच्या मागे का लागावं? कोश करवला हे खरंच. पण त्याच शिवरायांच्या पदरी नीळप्रभू हे फारसीचे मुन्शी होते आणि जिझियाविरुद्ध औरंगजेबाला धाडलेलं प्रसिद्ध पत्र फारसीत गेलं. स्वभाषेचा अभिमान आणि शत्रूच्या भाषेवरची पकड या दोन गोष्टी त्यांनी एकत्र सांभाळल्या. आपण एकीच्या नावाखाली दुसरी सोडून दिली.

दुसरा पक्ष स्वतःला शास्त्रीय म्हणवतो, म्हणून त्याला जास्त कडक जाब विचारला पाहिजे. जव्हारच्या मुकणे घराण्याचा मूळ पुरुष जयबा. त्याने बैलाच्या कातड्यात मावेल तेवढीच जमीन मागितली, मग कातड्याच्या बारीक वाद्या काढून त्यांच्या वेढ्यात मुलूख घेतला, अशी कथा सांगतात. कार्थेजच्या राणीविषयीही हीच कथा सांगतात, म्हणून अभ्यासक हसून ती बाजूला ठेवतात. ठीक. पण मग अबुल फजलचा ‘अकबरनामा’ उघडा. अकबराची पूर्वज अलनकुवा हिला प्रकाशाच्या किरणापासून गर्भ राहिला, असं तिथे गंभीरपणे लिहिलं आहे. कातड्याची कथा ती दंतकथा आणि किरणाची कथा तो साम्राज्याचा अस्सल ग्रंथ, हा न्याय कुठला? दोन्ही राजघराण्यांच्या आपल्या हक्काविषयीच्या समजुती आहेत आणि दोन्ही त्याच नजरेने वाचायच्या आहेत.

शिवाय ‘अकबरनामा’ कशावर उभा राहिला, तेही पाहा. हुमायूनच्या काळची माहिती हवी म्हणून अकबराने जुन्या माणसांना आठवणी लिहायला लावल्या. गुलबदन बेगमने लिहिल्या. हुमायूनला हात धुवायला पाणी देणारा सेवक जौहर आफताबची, त्यानेही लिहिल्या. बायजीद बयात म्हाताऱ्या वयात लिहू शकत नव्हता, त्याने सांगितल्या आणि लेखनिकाने उतरवून घेतल्या. पाणक्याची आठवण आणि म्हाताऱ्याचं सांगणं, यांतून हिंदुस्थानातली सर्वांत मातब्बर तवारीख घडली. मग घांगळी या तंतुवाद्याच्या सुरावर धान्यदेवता कणसरीची कथा लावणाऱ्या वारली भगताची स्मृती काय म्हणून कमी दर्जाची? त्याच्याजवळ लेखनिक बसवायला बादशहा नव्हता, एवढाच फरक.

आता माझं म्हणणं. साधन कुणाचं आहे यावरून ते स्वीकारू किंवा फेकू नये. सांगणाऱ्याला काय हवं होतं ते आधी ओळखावं, आणि त्याच्या हेतूला ज्याचा उपयोग नव्हता तो तपशील सर्वांत जास्त मोलाचा मानावा. हा नियम फारसी तवारिखांना लावा, बखरींना लावा आणि आपल्या लाडक्या परंपरांनाही लावा. जव्हारच्या नीमशहाला दिल्लीच्या सुलतानाने ५ जून १३४३ रोजी राजा हा किताब दिला, असं संस्थान मानत असे आणि त्या घटनेपासून स्वतःचा शक चालवून सरकारी कागदांवर घालत असे. एका कोळी राजाने आपला काळ दिल्लीच्या मान्यतेपासून मोजावा, यातून त्याची अडचण आणि त्याचं शहाणपण, दोन्ही कळतात. जव्हारजवळच्या शिरपामाळावर सुरतेच्या वाटेवर शिवरायांचा विक्रमशहाने सत्कार केला, असं परंपरा सांगते. आणि जून १६७२ मध्ये शिवरायांच्याच मोरोपंत पिंगळ्यांनी त्याच विक्रमशहाकडून जव्हार जिंकून सतरा लाखांचा खजिना नेला, अशीही नोंद आहे. पहिलं सांगायचं आणि दुसरं झाकायचं हा दरबारी लेखकाचा धंदा झाला. बलाढ्य सत्तांमध्ये सापडलेल्या लहान राजाला आज हात मिळवावा लागतो आणि उद्या पळावं लागतं. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले तरच विक्रमशहा माणूस म्हणून दिसतो.

हा मार्ग नवा नाही. ग. ह. खरे यांनी ऐतिहासिक फारसी साहित्याचे खंड पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातून काढले. सेतुमाधवराव पगडींनी मोगल दरबारची बातमीपत्रं आणि फारसी ग्रंथ मराठीत आणले. त्यांच्यानंतर फारसी येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली, आणि जव्हार-मोखाड्याच्या ज्या कथा लिहिता-वाचता येणाऱ्या पोरांनी अजून उतरवून घेतलेल्या नाहीत, त्या म्हाताऱ्या माणसांबरोबर चालल्या आहेत.

म्हणून जव्हार-मोखाड्यातल्या आश्रमशाळांच्या आणि महाविद्यालयांच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलांना पाड्यावर पाठवा. आजी-आजोबा सांगतील ते त्यांच्याच बोलीत, एक अक्षर न सुधारता, सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख घालून उतरवून घ्यायला लावा. आणि त्यांतल्या एखाद्या हुशार मुलीला फारसी शिकायला पुण्याला किंवा हैदराबादला धाडा. नागनायकाचं नाव कोरलेली इसामीची ओळ तिने स्वतः मुळातून वाचली पाहिजे. तो तिचा हक्क आहे.