वाढ आणि भरती : परदेशस्थ आयरिशांच्या गेलिक क्लबांविषयी

परदेशात स्थिरावलेल्या आयरिश समाजातला एखादा गेलिक क्रीडा-क्लब कसा वाढला, याच्या कथा एका ठरीव साच्यात सांगितल्या जातात. घरची ओढ असलेले चार-पाच तरुण, भाड्याचे ओबडधोबड मैदान, पहिल्या वर्षी जेमतेम जमलेला पंधरा जणांचा संघ. मग काही वर्षांत तीन संघ, स्वतःची वास्तू, कपाटात करंडक. आणि शेवटी हमखास येणारे वाक्य : आयरिश माणूस जाईल तेथे आपले खेळ घेऊन जातो. हे वाक्य खोटे नाही. या कथांमधला 'वाढ' हा शब्द मात्र फसवा आहे. जिला वाढ म्हटले जाते ती बहुतेक वेळा वाढ नसून भरती असते, आणि भरती म्हटली की दुसऱ्या कुठल्या तरी किनाऱ्यावर ओहोटी असतेच. त्या दुसऱ्या किनाऱ्याचा उल्लेख या कथा टाळतात. माझा आक्षेप नेमका या टाळण्यावर आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनची स्थापना १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतील थर्ल्स या गावी, एका हॉटेलात झाली. मायकेल क्युसॅक आणि मॉरिस डेव्हिन हे तिचे प्रमुख संस्थापक. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे तिचे मुख्य खेळ. ही संस्था पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गाव-परिसरावर उभी आहे. खेळाडूला मानधन नाही, खेळाडूंचा बाजार नाही. माणूस सहसा ज्या गावात वाढला त्याच गावाच्या क्लबाकडून खेळतो. त्यामुळे गावातला एक तरुण बाहेर पडला की संघातली एक जागा रिकामी होते आणि ती पैसे देऊन भरता येत नाही. म्हणूनच परदेशातल्या क्लबात तयार खेळाडू दाखल होणे म्हणजे मायदेशातल्या एखाद्या क्लबातून तो वजा होणे. ही साधी वजाबाकी आहे.

ही वजाबाकी संस्थेच्या इतिहासात अगदी आरंभापासून दिसते. १८८८ साली, संस्था चार वर्षांची असताना, पन्नासच्या आसपास खेळाडूंचे एक पथक अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. प्राचीन टेल्टन क्रीडामहोत्सवाच्या पुनरुज्जीवनासाठी निधी उभारणे हा हेतू होता. निधी जमला नाही, दौरा तोट्यात गेला, आणि पथकातले बरेच जण परतलेच नाहीत. खेळाचा प्रसार करायला गेलेली माणसे स्वतःच स्थलांतरित झाली! या खेळांच्या परदेशी इतिहासाचे याहून नेमके प्रास्ताविक कोणी लिहू शकले नसते.

न्यूयॉर्कचे उदाहरण विस्ताराने पाहण्यासारखे आहे. तेथील संघटना १९१४ सालची. १९४७ मध्ये, महादुष्काळातल्या सर्वांत भीषण वर्षाला शंभर वर्षे झाल्याच्या निमित्ताने, अखिल आयर्लंड फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर झाला. कॅव्हनने केरीला हरवले. आयर्लंडबाहेर झालेला हा एकमेव अंतिम सामना. त्यानंतर न्यूयॉर्कच्या संघाने १९५०, १९६४ आणि १९६७ साली आयर्लंडची राष्ट्रीय लीग जिंकली. हा काळ तेथे सुवर्णयुग म्हणून सांगितला जातो. पण १९५१ ते १९६१ या दशकात आयर्लंडच्या प्रजासत्ताकातून झालेले निव्वळ स्थलांतर चार लाखांवर होते, हे त्याच दमात सांगितले जात नाही. त्यातले बहुसंख्य लोक ब्रिटनमध्ये गेले, काही अमेरिकेत. न्यूयॉर्कचा करंडक ज्यांच्या बळावर आला ते याच लोंढ्यातले होते.

१९६५ साली अमेरिकेचा इमिग्रेशनचा कायदा बदलला, आयरिशांची आवक आटली आणि सुवर्णयुगही ओसरले. १९८०च्या दशकात आयर्लंडमध्ये बेकारी वाढली तशी पुन्हा भरती आली. या वेळी अनेकांकडे कागदपत्रे नव्हती. १९९०च्या कायद्याने तीन वर्षांत ४८ हजार व्हिसा आयरिशांसाठी राखून ठेवले, तेव्हा कित्येकांना उजळ माथ्याने राहता आले. याच काळात शुक्रवारी विमानाने नामांकित खेळाडू आणायचा, रविवारी खेळवायचा आणि परत पाठवायचा, प्रसंगी टोपणनावाने, असा प्रकार न्यूयॉर्कमध्ये बोकाळला. मायदेशात हौशीपणाचे सोवळे पाळणाऱ्या खेळाचे सोवळे अटलांटिक ओलांडताना सुटत होते; पण मला त्याहून गंभीर वाटते ते वेगळेच. तयार गडी विमानाने मिळत असेल, तर ब्राँक्समधल्या आठ वर्षांच्या पोराला दहा-बारा वर्षे शिकवत कोण बसणार? भरतीची सवय लागलेला क्लब पेरणी विसरतो.

लंडनचीही गत निराळी नाही. २००८च्या आर्थिक अरिष्टानंतर आयर्लंडमधून पुन्हा माणसे बाहेर पडू लागली; एप्रिल २०१३ला संपलेल्या वर्षात देश सोडणाऱ्या आयरिश नागरिकांची संख्या पन्नास हजारांच्या घरात होती. त्याच उन्हाळ्यात लंडनचा संघ इतिहासात प्रथमच कॉनक्ट प्रांताच्या अंतिम सामन्यात पोहोचला. वृत्तपत्रांनी याला परीकथा म्हटले. परीकथाच, पण मुलांना पळवून नेणारी.

लंडन १९७५पासून आणि न्यूयॉर्क १९९९पासून कॉनक्टच्या अजिंक्यपद स्पर्धेत खेळतात. ज्या पश्चिम प्रांतातून एवढी माणसे गेली, त्याच प्रांताच्या स्पर्धेत ती गेलेली माणसे पाहुणे म्हणून येतात. आता निकाल पाहा. या स्पर्धेतला लंडनचा पहिला विजय १९७७चा, लिट्रिमवर. २०१३ मध्ये अंतिम सामना गाठताना लंडनने स्लायगोपाठोपाठ हरवले ते लिट्रिमला. आणि ८ एप्रिल २०२३ रोजी न्यूयॉर्कने ब्राँक्समधल्या गेलिक पार्कवर या स्पर्धेतला आपला पहिला विजय मिळवला, पेनल्टी किकवर, तोही लिट्रिमवरच. लिट्रिम ही आयर्लंडमधली सर्वांत कमी वस्तीची काउंटी. १८४१च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १ लाख ५५ हजार होती. २०२२ मध्ये ती ३५ हजार आहे. ज्या मातीने माणसे पुरवली तीच माती त्या माणसांच्या संघापुढे पुन्हा पुन्हा हरते. यात लिट्रिमच्या खेळाडूंना उणे लेखण्याचा हेतू नाही. एवढ्याशा लोकवस्तीतून काउंटीचा संघ उभा राहतो हेच नवल. उणेपणा आहे तो या निकालांत केवळ 'परदेशातील वाढ' पाहणाऱ्या नजरेचा.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो रास्त आहे. क्लब नसता तर ही माणसे परत का आली असती? ती गेलीच होती. क्लबाने त्यांना निदान सांभाळले. लंडनला किंवा न्यूयॉर्कला उतरलेल्या पोराला पहिली खोली, बांधकामावरचे पहिले काम, आजारपणात सोबत आणि मरण आले तर शव गावी पाठवण्याची वर्गणी, हे सारे क्लबाच्या ओळखीतून होत आले आहे. हे ऋण मी नाकारत नाही. पण ही सेवा धर्मशाळेची आहे, आणि धर्मशाळेची वही भरली म्हणून गावाची वस्ती वाढली असे कोणी म्हणत नाही. सेवेला सेवा म्हणावे. तिला विजय म्हणू लागलो की माणसे का गेली हा प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही. आणि तो प्रश्न न विचारला जाणे राज्यकर्त्यांना नेहमीच सोयीचे असते.

मग खरी वाढ कशाला म्हणायचे? भरती थांबल्यावर जे उरते त्याला. ब्वेनोस आयरेसचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी ऑफलीहून गेलेल्या विल्यम बुल्फिन या पत्रकाराने 'द सदर्न क्रॉस' या पत्रातून हर्लिंगचा पुरस्कार केला. १९२२ मध्ये हर्लिंग क्लब स्थापन झाला. पण हर्लिंगची काठी अ‍ॅश वृक्षाच्या चिवट, लवचीक लाकडाची लागते. महायुद्धांमुळे आयर्लंडहून काठ्या येणे दुरापास्त झाले, नव्या माणसांचा ओघ तर केव्हाच थांबला होता. क्लब हॉकी आणि रग्बीकडे वळला. आजही तो नाव 'हर्लिंग' लावतो. तेथे माणसे रुजली, खेळ रुजला नाही. याच्या उलट फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतात १९९०च्या दशकापासून गेलिक फुटबॉलचे क्लब निघाले. त्यांतले बहुसंख्य खेळाडू स्थानिक ब्रेटन आहेत. तेथे खेळ रुजला, आणि त्यासाठी आयर्लंडमधले एकही गाव रिते करावे लागले नाही.

येथे शुद्धतावाद्यांच्या कपाळावर आठी पडते. परक्यांनी खेळलेला, परक्या उच्चारात आरडाओरडा होणारा खेळ 'आपला' कसा? ही सोवळेपणाची खोड संस्थेत जुनीच आहे. 'परकीय' खेळ खेळणाऱ्या आणि पाहणाऱ्यांवरही तिने बंदी घातली होती. फुटबॉलचा आंतरराष्ट्रीय सामना पाहिला म्हणून १९३८ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड यांचे आश्रयदातेपद काढून घेतले होते. बंदी उठली १९७१ साली, आणि खेळ बुडाला नाही. २०२३चा जो विजय वर आला, त्या न्यूयॉर्कच्या संघात न्यूयॉर्कमध्येच जन्मून तेथेच खेळ शिकलेले तरुण होते. त्या दिवशी साजरे करण्यासारखे काही असेल तर ते हेच होते; लिट्रिमचा पराभव नव्हे.

म्हणून परदेशातल्या कोणत्याही गेलिक क्लबाने आपल्या वाढीचा वृत्तांत छापताना दोन रकाने करावेत. एकात विमानातून उतरलेले तयार खेळाडू मांडावेत, आणि त्यांच्या नावापुढे त्यांच्या मूळ क्लबाचे नाव लिहावे, म्हणजे वजाबाकी कोठे झाली ते कळेल. दुसऱ्यात क्लबानेच शून्यातून घडवलेली मुलेमुली मांडावीत, मग त्यांचे आईबाप आयरिश असोत वा नसोत. पहिल्या रकान्याबद्दल कृतज्ञ राहावे, अभिमान दुसऱ्याचा धरावा. ज्या वृत्तांतात दुसरा रकाना कोराच राहील, त्याने 'वाढ' हा शब्द वापरू नये.