‘करून रायली’ ही चूक आहे का?



कानाला खटकणाऱ्या मराठीची माझ्याकडे एक भली मोठी यादी आहे. कोणी ‘माझी मदत कर’ म्हणाले की ‘मला मदत कर’ असे सांगायला माझी जीभ शिवशिवते. ‘तो मला बोलला की’ ऐकले की मी मनातल्या मनात ‘म्हणाला, म्हणाला’ असे दोनदा घोकतो. ‘पाणी’चे ‘पानी’ झाले की माझी तहानच जाते. रविवारी शाळा सुटल्यावर मुलांची वाट बघत उभे राहावे, तर यादीत दर आठवड्याला भर पडते. ‘मी सात वर्षं जुनी आहे.’ ‘मी थंड आहे, जॅकेट दे.’ ‘आज खूप मजा होती.’ आमची सौ. मला विचारते, “तू मुलीला आणायला जातोस की परीक्षा घ्यायला?”

या अंकासाठी मी ती यादीच लिहून देणार होतो. पण मध्यंतरी घरात एक प्रसंग घडला आणि लेख वेगळाच झाला.

माझी आई अमरावतीला असते. शनिवारी रात्री आमची झोपायची वेळ होते तेव्हा तिकडे रविवारची सकाळ असते. त्या वेळी आजी-नातीचा फोन ठरलेला. आई विचारते, “काय करून रायली माय?” त्या दिवशी आमच्या लेकीने झटक्यात उत्तर दिले, “मी होमवर्क करून रायली!” उच्चार अगदी अस्सल वऱ्हाडी. मी शेजारी बसून लॅपटॉपवर काम करत होतो. मान वर न करता मी म्हणालो, “‘करते आहे’ म्हण. ‘करून रायली’ चूक आहे.”

फोनवर क्षणभर कोणीच बोलले नाही. मग आई म्हणाली, “हो रे बाप्पा, मीच चुकीचं शिकवलं पोरीले.”

पुढच्या शनिवारी आईने विचारले, “काय करते आहेस?” शाळा तपासायला साहेब आल्यावर बोलावे, तसे जपून जपून. लेकीनेही तितक्याच जपून उत्तर दिले. एरवी अर्धा तास चालणारा फोन पाच मिनिटांत संपला. फोन ठेवल्यावर लेकीने विचारले, “बाबा, आजी रागावली का?”

मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण हा प्रसंग माझ्यावर आधी एकदा येऊन गेला होता. तेव्हा मी दुसऱ्या बाजूला होतो.

१९९८ साली मी इंजिनिअरिंगसाठी अमरावतीहून पुण्याला आलो. वसतिगृहातल्या पहिल्याच आठवड्यात कोणीतरी खालून हाक मारली. मी वरून ओरडलो, “थांब ना, येऊन रायलो!” खालून उत्तर आले, “येतोयस की राहतोयस, एक काय ते ठरव!” सगळा मजला हसला. मीही हसलो. पण त्यानंतर कितीतरी दिवस मी मराठीत बोलणेच टाळले. नागपूरच्या मुलांशी हिंदीत बोलायचे आणि बाकीच्यांशी शक्य तेवढे इंग्रजीत. तोंड उघडण्याआधी वाक्य मनात तपासून घ्यायचे. वर्षभरात मी ‘येतोय’, ‘करतोय’ असे इतके सफाईने बोलू लागलो की सुट्टीत घरी गेल्यावर आई म्हणाली, “मोठा पुणेकर झाला रे तू!” तिला कौतुक वाटले असेल. मला मात्र काहीतरी हरवल्यासारखे वाटले होते.

आणि आता तोच मी, अमेरिकेत बसून, आईला तिच्याच बोलीत चूक काढून दाखवत होतो.

अमेरिकेत आपलीही अवस्था फारशी निराळी नसते म्हणा. ऑफिसात मी एकदा मीटिंग ‘प्रीपोन’ केल्याचे सांगितले, तर सगळे एकमेकांकडे बघू लागले. भारतात हा शब्द ऑफिसा-ऑफिसात चालतो, इथे तो कोणाच्या कानावरूनही गेलेला नसतो. इंग्रजीतल्या दोन वेगळ्या ‘व’साठी मराठीत एकच ‘व’ आहे, त्यामुळे माझी पश्चिम दिशा आणि माझे बिनबाह्यांचे जाकीट यांचा उच्चार एकच होतो. लेक ते दुरुस्त करते आणि मैत्रिणी घरी आल्या की “बाबा, प्लीज!” असे डोळ्यांनीच सांगते. थोडक्यात, प्रत्येकजण कोणाच्या तरी यादीत आहे.

मग काय, कोणी कसेही बोलावे आणि आपण मान डोलवावी? तसे मला म्हणायचे नाही. माझ्या व्यवसायातले एक उदाहरण देतो. आम्ही लिहिलेला प्रोग्रॅम कंपायलर तपासतो. तो दोन प्रकारच्या तक्रारी करतो. एक ‘एरर’, म्हणजे तुम्हाला काय म्हणायचे आहे ते कळतच नाही, पुढे जाता येणार नाही. दुसरी ‘वॉर्निंग’, म्हणजे लिहिण्याची पद्धत जरा निराळी दिसते, बघून घ्या, पण काम चालेल. नव्या प्रोग्रॅमरला प्रत्येक वॉर्निंगपाशी अडवले, तर त्याचा एकही प्रोग्रॅम पुरा होणार नाही. मुलांच्या मराठीचेही तेच आहे.

आता माझी यादी या चाळणीतून गाळून बघू.

‘ळ’ घ्या. ‘वेळ’ आणि ‘वेल’, ‘मूळ’ आणि ‘मूल’ यांत अर्थाचा जमीनअस्मानाचा फरक आहे. इथे वाढणाऱ्या मुलांच्या जिभेला ‘ळ’ची सवय नसते आणि ‘शाळा’ची ‘शाला’ होते. तो उच्चार शिकवलाच पाहिजे. ‘च’, ‘ज’ आणि ‘झ’ यांचे दोन-दोन उच्चारही असेच. अक्षर एकच, पण ‘हे जग सुंदर आहे’ मधला ‘ज’ वेगळा आणि ‘शंभर वर्षं जग’ मधला वेगळा. ‘माझा’ म्हणताना जीभ दातांमागे टेकते, ‘माझी’ म्हणताना ती मागे टाळूकडे जाते. पुस्तकात यासाठी वेगळी खूण नसते, त्यामुळे मुलांना हे फक्त ऐकूनच कळणार. ‘मी थंड आहे’ हेही दुरुस्त करावे, कारण अर्थ भलताच होतो. पण दुरुस्त करताना वाक्य तोडू नये. “थंडी वाजते का तुला? हे घे जॅकेट,” एवढे म्हटले तरी पुरते. बरोबर वाक्य मुलाच्या कानावर पडते आणि त्याच्या हातात जॅकेटही येते.

‘करून रायली’ मात्र या गटात बसत नाही. ती वऱ्हाडातली रीतसर क्रियापदरचना आहे. ‘जाऊन रायलो, खाऊन रायली, पाहून रायले’ अशी ती नियमाने चालते आणि चालू असलेली क्रिया दाखवते. तिथे कोणाचा गोंधळ होत नाही. वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘मला’चे ‘मले’ होते, तेही तसेच नियमाने. कोल्हापूरकडच्या मुली सहज ‘मी आलो’ म्हणतात, मुंबईत कित्येक जणी ‘मी आली’ म्हणतात, पुस्तकात ‘मी आले’ असते. तिघीही आलेल्याच असतात! ही फार तर वॉर्निंग झाली. खरे सांगायचे तर तीही नाही. बोलणारा कुठला, एवढीच माहिती त्यातून मिळते. आणि आपल्याला चीड येते ती पुष्कळदा त्या माहितीची. शब्दांचा त्यात काही दोष नसतो.

आपण जिला ‘शुद्ध’ म्हणतो ती मराठी काही आकाशातून पडलेली नाही. इंग्रजांच्या अमदानीत शाळा निघाल्या, छापखाने आले, शब्दकोश आणि व्याकरणे तयार झाली. त्या काळात पुण्या-मुंबईकडच्या शिकलेल्या मंडळींची भाषा पुस्तकांत गेली आणि प्रमाण ठरली. पुढे मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे १४ नियम केले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडून ते १८ झाले. हे नियम हवेत. मी इंजिनिअर आहे, प्रमाणाचे महत्त्व मला कोणी पटवून द्यायला नको. प्रत्येक कारखान्याने स्क्रूचे आटे आपल्या मर्जीने पाडले तर कुठलाच नट बसणार नाही. पण ते नियम लेखनाचे आहेत. आजीने नातीशी फोनवर कसे बोलावे, याचे नाहीत.

आणि ज्या वऱ्हाडी बोलीला आमच्या वसतिगृहात हसले गेले, त्या वऱ्हाडाची आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ मानले जाणारे ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केले ते रिद्धपूरला. हे रिद्धपूर आमच्या अमरावती जिल्ह्यात आहे. ज्या चक्रधरस्वामींच्या आठवणी त्या ग्रंथात आहेत ते परंपरेनुसार मूळचे गुजरातेतले, भडोचकडचे. म्हणजे त्यांची मराठी मागाहून शिकलेली. त्यांच्या बोलण्यातले ‘ळ’ आणि ‘ण’ कोणी मोजत बसले असते तर? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी आनंदाने एकमेकांना फोन केले. त्या अभिजात मराठीच्या वाटेवर रिद्धपूरही लागते, हे मी माझ्या लेकीला कधी सांगितलेच नव्हते. ‘करून रायली’ चूक आहे, हे मात्र सांगितले.

काही पालक म्हणतील, “मुलं आठवड्यातून दोन तास मराठी शिकतात. त्यात पुन्हा वऱ्हाडी आणि कोल्हापुरी आणली तर ती गोंधळतील.” शंका रास्त आहे. पण हीच मुले घरी एक, वर्गात दुसरी आणि मैदानावर तिसरी भाषा बोलतात आणि जराही गोंधळत नाहीत. शाळेचा गणवेश असतो आणि घरचे कपडे असतात, हे पाच वर्षांच्या मुलालाही कळते. वहीत ‘मी करत आहे’ लिही आणि आजीशी ‘करून रायली’ बोल, हे आमच्या लेकीला एका वाक्यात समजले. समजायला वेळ मला लागला.

खरी भीती वेगळीच आहे. इथे आपल्या मुलांना मराठीची रोजची गरज अशी नाहीच. दुकान, शाळा, मित्र, सगळे इंग्रजीत चालते. ती मराठी बोलतात ती बहुतेक वेळा एखाद्या माणसासाठी: आजीसाठी, आजोबांसाठी, गावाकडच्या एखाद्या मावशीसाठी. बोलताना प्रत्येक वाक्याला अडवले, तर त्यांच्यापुढे एक सोपी वाट मोकळीच असते. ती इंग्रजीत बोलू लागतील. मीही पुण्यात तेच केले होते. मुलाने चुकीचे मराठी बोलणे हे दुखणे बरे होते. गप्प बसण्यावर औषध नाही.

म्हणून मी स्वतःसाठी तीन नियम केले आहेत. अर्थ बिघडत असेल तरच दुरुस्त करायचे. दुरुस्त करताना बरोबर वाक्य आपण बोलायचे आणि पुढे जायचे. आणि मूल जे ज्याच्याकडून शिकले, त्या माणसासमोर ते कधीही चूक ठरवायचे नाही.

त्यानंतरच्या शनिवारी फोन मीच लावला. आईने जपून विचारले, “कसा आहेस?” मी म्हणालो, “आई, डिसेंबरात आम्ही सगळे येऊन रायलो.” सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी हे वाक्य तोंडातून निघाले आणि जरा अडखळतच निघाले. पलीकडे आई खुदकन हसली. म्हणाली, “तुले आता जमत नाही रे ते!” मग लेकीने माझ्या हातातून फोन घेतला आणि मला ते वाक्य नीट म्हणून दाखवले.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला माझी एक विनंती आहे. पुढच्या अंकासाठी प्रत्येकाने आपल्या आजी-आजोबांना फोन करून त्यांच्या गावचा एक शब्द आणावा. पुस्तकात नसलेला, वर्गात कोणाला माहीत नसलेला. अर्थ आणि गावाचे नाव लिहून तो आपल्या वर्गाच्या ताईंकडे द्यावा. आमच्या घरून ‘सांबार’ येत आहे. इडलीबरोबर असते ते नव्हे. तुम्ही ज्याला कोथिंबीर म्हणता आणि पोह्यांवर भुरभुरता, त्याला आमच्याकडे सांबार म्हणतात.

— इयत्ता दुसरीतल्या एका विद्यार्थिनीचे बाबा