खबर उशिरा, दंड मात्र पुरा!
विलायतेंत बायांस साठाव्या व पुरुषांस पासष्टाव्या वर्षीं सरकारी पेन्शन मिळे. १९९५ च्या कायद्यानें बायांचें वय पासष्ट करण्याचें ठरलें. २०११ च्या कायद्यानें ही वाढ घाईनें उरकून, ऑक्टोबर २०२० पर्यंत दोघांचेंही वय सहासष्ट केलें. समान वयास आमची ना नाहीं. पण मुलें वाढवून, थोड्या मजुरीवर राबलेल्या बायांस वेळेवर खबर देणें सरकारचें काम नव्हतें काय? पत्रें २८ महिने उशिरां निघालीं, असा ठपका तेथील लोकपालानें ठेवला; २०२४ च्या मार्चांत भरपाईची शिफारसही केली. डिसेंबरांत सरकारनें उशिराची माफी मागितली, भरपाई मात्र नाकारली! परीक्षेची तारीख उशिरां सांगून मुलास नापास करणाऱ्या मास्तरास, वाचकहो, आपण न्यायी म्हणाल काय?