पत्ते घरचे, पत्ते स्पर्धेचे

मे महिन्याच्या रणरणत्या दुपारी मुलं एका जागी बसली की आपल्याला किती हायसं वाटतं! उन्हात हिंडत नाहीत, मोबाईल मागत नाहीत, पत्ते खेळतायत, आणखी काय हवं? मीही तसंच समजून त्या दिवशी पापडाचं पीठ कुटायला घेतलं. धाकट्या जावेची दोन्ही मुलं सुट्टीत सावेडीहून आमच्या माळीवाड्यातल्या घरी येतात. ती दोघं आणि शेजारचा एक मुलगा ओसरीवर बसले होते. पाच मिनिटं झाली नसतील, तोच धाकटीचा हंबरडा! बाहेर येऊन बघते तर पत्ते विखुरलेले, शेजारचा मुलगा चप्पल पायात सरकवतोय आणि मोठा म्हणतोय, "हरली ती. नियम म्हणजे नियम."

पत्ते कसले, तर पोकेमॉनचे. धाकटीचा पिकाचूचा पत्ता, मामाने तिच्या वाढदिवसाला दिलेला, शेजारच्याने जिंकून खिशात घातला होता. "खेळात प्राइझ कार्ड घ्यायचं असतं, पुस्तकातच लिहिलंय," असं त्याचं म्हणणं. फोनवर जावेला सांगितलं, तर ती वैतागून म्हणाली, "ताई, सगळे पत्ते बंबात घाला. मला कटकटच नको."

मी काही घातले नाहीत. अहो, आज ज्या तिशी-पस्तिशीच्या आया आहेत, त्यांनीच लहानपणी वेफर्सच्या पाकिटातल्या टाझोंसाठी भावंडांचे केस ओढलेले मी पाहिलेत. माझ्या वेळी चिंचोके होते. वस्तू बदलते, भांडण तेच. तेव्हा म्हटलं, आधी भांडण समजून घेऊ. चष्मा लावून त्या खेळाची माहिती पुस्तिका वाचली, आणि काय गंमत, त्यात प्राइझ कार्ड म्हणून लिहिलंय ते खरंच! पण डावाच्या सुरुवातीला प्रत्येकाने आपल्याच कॅटमधले सहा पत्ते उपडे बाजूला ठेवायचे. समोरच्याचा पोकेमॉन बाद केला की त्या आपल्या सहांतला एक उचलायचा. सहाही आधी उचलेल तो जिंकला. म्हणजे बक्षीस आपलंच आपल्याला! समोरच्याचा पत्ता घरी न्यायची भानगड त्यात मुळीच नाही.

शेजारच्या मुलालाही एकदम दोष देऊ नका. १९९३ साली अमेरिकेत रिचर्ड गारफिल्ड या गणिताच्या प्राध्यापकाने ‘मॅजिक’ नावाचा पत्त्यांचा खेळ काढला. या जातीच्या आजच्या खेळांचा तो मूळपुरुष. त्याच्या पहिल्या नियमांत प्रत्येकाने एक पत्ता पैजेला लावायचा आणि जिंकणाऱ्याने तो ठेवून घ्यायचा, अशी रीत होती. लोकांना ती रुचली नाही, आणि पुढे ती सोडून दिली. जाणत्या माणसांना जे पटलं नाही, ते दहा वर्षांच्या मुलीला कसं पटेल?

पण खरं दुखणं याच्याही आधीचं होतं. तिघंही एकाच चटईवर बसले होते, पण तिघं तीन खेळ खेळत होते. धाकटी खेळत होती आवडते पत्ते मांडायला. मोठा खेळत होता दुपार काढायला. आणि शेजारचा, ज्याचा मावसभाऊ पुण्याला स्पर्धेत जातो, तो खेळत होता जिंकायला. आपल्याकडे मेंढीकोट मांडताना आधी विचारतात ना, "हुकूम बोलायचा की कापून काढायचा?" इथे कुणी काही विचारलंच नव्हतं.

तुम्हाला गंमत सांगते. ‘मॅजिक’मध्येच ‘कमांडर’ नावाचा प्रकार आहे, १०० पत्त्यांचा, बहुधा चौघांनी मिळून खेळायचा, मुळात मित्रमंडळींच्या करमणुकीसाठी निघालेला. त्यातही मोठमोठी माणसं भांडू लागली. एक जण गमतीचा कॅट आणतो, दुसरा हजारो रुपयांचा, आणि डाव चार फेऱ्यांत खलास. शेवटी २०२५ साली कंपनीने कॅटच्या पाच पायऱ्या ठरवल्या, अगदी साध्यापासून थेट अटीतटीच्या स्पर्धेपर्यंत. कशासाठी? तर बसण्याआधी एकमेकांना सांगता यावं, की बाबा रे, मी या पायरीवरचा खेळ घेऊन आलोय. मिशा आलेल्या लोकांना हे लागतं, तर आपल्या पोरांना का नको!

घरच्या खेळाला खर्च जवळजवळ नाही. मुलांपाशी असतील ते पत्ते घ्यायचे, दोघांचे सारखे वाटायचे आणि बसायचं. स्टेशनरीच्या दुकानात ते सोनेरी चकचकीत पत्ते मिळतात, पाकीटभर स्वस्तात, ते बहुतेक नकली. रंग फिका किंवा भडक, अक्षरं चुकलेली, कागद पातळ. खऱ्या पत्त्याशेजारी पाठ धरली की फरक कळतो. घरी खेळायला हरकत नाही, फक्त त्यांच्यावरचे आकडे वाटेल तसे फुगवलेले असतात, तेव्हा कुठले चालवायचे ते आधी ठरवा. आमच्याकडे आता एक प्रकार चांगला रुळलाय. बाहेर त्याला ‘जिम लीडर चॅलेंज’ म्हणतात. कॅटमधले सगळे पोकेमॉन एकाच जातीचे घ्यायचे, सगळे पाण्याचे नाहीतर सगळे आगीचे. साधे ऊर्जेचे पत्ते सोडले तर कुठलाही पत्ता एकदाच. ‘ईएक्स’सारखे बडे पत्ते बाद. त्यामुळे ज्याच्या बापाने जास्त पाकिटं घेतली त्याचाच जय, असं होत नाही. मला स्वतःला पाण्याचा कॅट आवडतो. हसू नका!

एवढं मात्र पक्कं करा, की डाव संपला की ज्याचा पत्ता त्याच्याकडे. अदलाबदल करायची असेल तर खेळानंतर, दोघांच्या खुशीने, आणि लहानाचा पत्ता मोठा मागत असेल तर घरातलं एखादं मोठं माणूस समोर असताना.

स्पर्धेचं सगळंच वेगळं. आपल्याकडच्या जत्रेतला हगामा आठवा. आधी रेवड्यांवर पोरांच्या कुस्त्या लागतात. वजन कोण बघतो, घड्याळ कोण लावतो? जोड सारखी दिसली की सोडलं. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्याच शहरात वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या रंगल्या, तिथे गादी वेगळी, माती वेगळी, वजनाचे गट, पंच, गुण. पंचाच्या निकालावरून तिथे काय झालं, तेही तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. पत्त्यांच्या स्पर्धेतही पंच असतो. त्याचा निकाल कडू लागला तरी गिळावा लागतो, आणि हे ज्याला जमत नाही त्याला अजून वर्षभर रेवड्यांवरच राहू द्या.

पोकेमॉनच्या स्पर्धेत कॅट बरोबर ६० पत्त्यांचा लागतो. एका नावाचे चारच पत्ते, ऊर्जेचे साधे पत्ते तेवढे हवे तितके. पत्त्यांना सारखी पारदर्शक पाकिटं घातलेली बरी, एखाद्याचा कोपरा दुमडला असेल तर खुणेचा पत्ता म्हणून हरकत येते. फेरीला वेळ बांधलेला. एकाच डावाची फेरी असेल तर साधारण अर्धा तास. नकली पत्ता एकही चालत नाही. मोबाईलवर २०२४ साली आलेला पोकेमॉनचा प्रकार २० पत्त्यांचा आहे, त्यावर हात बसला म्हणून इथे बसेलच असं नाही.

आणि खर्चाची खरी मेख पुढे आहे, ती नीट वाचा. ‘स्टँडर्ड’ म्हणून जी नेहमीची स्पर्धा असते, तीत जुने पत्ते बाद होत जातात. पत्त्याच्या खाली डाव्या कोपऱ्यात एक बारीक इंग्रजी अक्षर असतं. कुठली अक्षरं चालतील हे कंपनी ठरवते, आणि बहुधा दरवर्षी मागचं एखादं गळतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये ‘एफ’ अक्षराचे पत्ते असे बाद झाले. म्हणजे यंदा हौसेने घेतलेला कॅट दोन-तीन वर्षांनी स्पर्धेपुरता निरुपयोगी. घरी खेळायला तो जन्मभर चालतो, हे मुलांना आणि त्यांच्या वडिलांनाही सांगा. शिवाय कॅट जुळवायला पाकिटांमागून पाकिटं फोडू नका. खऱ्या पाकिटाला काही शे रुपये पडतात आणि आत हवा तो पत्ता निघेलच असं नाही. ती सोडतच म्हणायची. हवा तो पत्ता सुटा विकत घेणं स्वस्त पडतं. नाहीतर तयार कॅट मिळतो, तो घ्या आणि त्यात चार-सहा पत्ते बदला.

आता कुठल्या मुलाला कुठे घालायचं? इथे माझ्या जावेचं आणि माझंही साफ चुकलं. मोठा चलाख, हिशेबात पक्का, तोंडाने फटकळ. तो स्पर्धेचा, असं आम्ही ठरवलं. धाकटी हळवी, तिला घरीच खेळू दे. दिवाळीत मामा म्हणाला, पुण्याच्या एका दुकानात मुलांची छोटी स्पर्धा आहे, पाठवा. मोठ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तिथे गप्प बसून खेळायचं? मला नाही यायचं." आणि धाकटी दाराआडून म्हणाली, "तिथे हरलं तर पत्ता घेत नाहीत ना? मग मी जाते."

मी थक्कच झाले. नियम जास्त म्हणून आपल्याला वाटतं, स्पर्धा कडक. तिला त्या नियमांचाच आधार वाटला होता. मोठ्याला खेळापेक्षा आरडाओरडा, चिडवाचिडवी, मधेच भेळ, हे प्यारं. ते स्पर्धेत कुठून मिळणार? तेव्हापासून मी मुलाची हुशारी बघत नाही, हरल्यावर ते काय करतं ते बघते. "अजून एक डाव" म्हणालं तर घरचा खेळ. "माझं कुठे चुकलं?" म्हणून पत्ते पुन्हा मांडून बसलं, तर ते एकदा पाठवून बघण्याजोगं.

पाठवायचं तर जाण्याआधी फोन करून विचारा, कुठल्या नियमांनी खेळवणार, कुठली अक्षरं चालणार, वयाचे गट आहेत का. आपल्याकडून पुणं सव्वाशे किलोमीटरच्या आसपास; जाऊन-येऊन दिवस मोडतो, आणि दारात गेल्यावर "हे पत्ते चालत नाहीत" ऐकायची पाळी नको. आमची धाकटी त्यातून थोडक्यात वाचली. आदल्या रात्री मामाने कॅट तपासला तर नऊ पत्ते नकली! रात्री अकराला त्याने मित्राच्या मुलाकडून पत्ते उसने आणले. पोळी-भाजीचा डबा, पाण्याची बाटली आणि आणलेल्या पत्त्यांची यादी लिहिलेला कागद, एवढं सामान.

चार फेऱ्या झाल्या, तीन हरली, एक जिंकली. अशा स्पर्धांत बहुधा हरलेल्याला घरी पाठवत नाहीत. पुढच्या फेरीत साधारण तितकेच डाव जिंकलेल्याशी जोडी लावतात. त्यामुळे शेवटच्या फेरीत तिच्यासारखीच, तिन्ही हरलेली मुलगी समोर आली, आणि डाव कसाबसा तिच्या बाजूने सुटला. येताना गाडीत झोपली ती नगर येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी वहीत लिहीत बसली, कुठल्या पत्त्यापायी हरले ते. पुन्हा जायचं का, असं तिच्या आईने विचारलं, तर म्हणाली, "परीक्षा झाल्यावर." मोठा अजून ओसरीवरच ओरडून खेळतो, आणि परवा माझ्या पाण्याच्या कॅटने त्याला दोनदा हरवलं.

पिकाचू मात्र परत आला नाही. शेजारच्या मुलाने तो शाळेत कुणाशी तरी बदलून टाकला होता. त्याच्या आईने सांगितल्यावर त्याने आपले दोन पत्ते आणून दिले. धाकटीने ते घेतले, पण वेगळ्या डब्यात ठेवलेत.